आभारप्रदर्शन

बावीस वर्षं तवसाळच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला
सगळ्यात शेवटी मी उभा राहायचो.
अध्यक्षांचे, मंडपवाल्याचे, लाउडस्पीकरवाल्याचे
आणि ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’, एका दमात.
ऐकायला कोणी नसायचं.
पहिल्या वाक्यालाच लोक चपला शोधायला लागत,
आणि मागे दोघंतिघं सतरंजीची टोकं धरून
माझं कधी संपतंय याची वाट बघत.

आता डॉक्टरांनी गळ्याला काज केलंय.
शिंप्याला कळतं ते. नीट कापलेलं, कडेने टाचलेलं,
बटण तेवढं नाही.
श्वास तिथूनच येतो-जातो.
आवाज कोल्हापुरात ठेवून आलो.

तेव्हा या खेपेला लिहून.

इक्बाल मुकादम यांनी जयगडच्या धक्क्यावर
शेवटची फेरीबोट अकरा मिनिटं धरून ठेवली.
आमच्या जीपचं चाक निवळीला बसलं होतं.
गाड्या हॉर्न मारत होत्या, आणि हे गृहस्थ
नीट बांधलेला दोर पुन्हा पुन्हा तपासत होते.
आम्ही चढलो तर म्हणाले, भरती बघत होतो.
ओहोटी लागून तास झाला होता.

दुर्पती जाक्कर माशाचं सार तीनदा गाळायची.
काटा राहिला तर मला झोप यायची नाही, म्हणायची.
गाळायची मलमल माझ्याच दुकानातली,
गेल्या वर्षी रोख पैसे देऊन नेलेली, सव्वा वार.
नाकातल्या नळीला चव नसते.
वासही गेला होता.
गरम आहे, एवढं पोटाला कळायचं.

कोल्हापुरात रक्त दिलं त्याचं नाव माहीत नाही.
पँटीला उसाच्या रानातला चिखल होता.
बाटली भरल्यावर उठला आणि माझ्या बायकोला विचारलं,
‘जेवलायसा काय?’
तिने मान हलवली. खोटीच.
तो खाली जाऊन दोन भाकऱ्या घेऊन आला
आणि गेला.

गुरवांच्या रुपेशला सुईत दोरा ओवता येत नाही.
पण साडेतीन महिने रोज सकाळी
त्याने दुकानाची फळी काढली, मशीनला तेल दिलं,
आणि संध्याकाळी फळी लावली.
बंद दुकानाकडे बघवत नाही, म्हणाला.
मी परत आलो तर टेबलावर ढीग होता.
जिच्या पातळाला काही झालं नव्हतं
तिनेसुद्धा काठ उसवून आणला होता.
हो, उसवून. शिंप्याला कळतं ते.

एक जण आला नाही.
शाळेपासूनचा मित्र. मला बघून रस्ता बदलायचा.
मग एकदा पहाटे पायरीवर आमसुलांची पिशवी दिसली,
गाठ त्याची, डावखुरी.
घाबरला होता तो. मीही घाबरलो होतो,
मला रस्ता बदलता येत नव्हता, एवढंच.
त्याचेही.

घरच्यांचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही.
म्हणून तिचं नाव घेत नाही.
इथे फक्त जरा थांबतो.

पाचवीतल्या मुक्ताने तिच्या सायकलची घंटी
माझ्या मशीनला बसवून दिलीय.
एकदा वाजवली की हो, दोनदा वाजवली की नाही.
घंटीशिवाय सायकल चालवते पोर, ओरडत उतरते घाटी.

कोणाचं नाव अनवधानाने राहिलं असल्यास
हे वाक्य मी बावीस वर्षं म्हटलं
आणि कधी मागे वळून बघितलं नाही,
की राहिलेले सगळे तिथेच असायचे,
वाकून, सतरंजी धरून.

तर मंडळी, उठा, चपला शोधा,
उशीर झालाय, माझं लांबलं.
एक टोक तेवढं माझ्याकडे द्या.
रुपेश, तू तिकडून धर.
वाळू झटकू आधी.

जमतंय ना, विचारतोस?
ट्रिंग.