कोबा कुठवर घ्यायचा

वळसंगच्या घरात नेट एकाच जागी यायचं,
मधल्या खणात, सवण्याच्या बरोबर खाली,
जिथं पेद्दनान्नाचा, म्हणजे थोरल्या चुलत्याचा, माग होता.
माग सरपणात गेला. खड्डा राहिला,
कमरेएवढा, चौकोनी, सारवलेल्या कडांचा.

मी कडेवर बसते, पाय आत सोडून.
समोर विटा, विटांवर फळी, फळीवर लॅपटॉप.
अक्कलकोट रोडवर डांबर पाझरत असतं
आणि माझे घोटे रांजणाशेजारी ठेवल्यासारखे.

काम विमा कंपनीचं.
माणसं कुठंकुठं दवाखान्यात पडतात,
त्यांची बिलं इथं येतात, या फळीवर.
मोतीबिंदू डाव्या डोळ्याचा की दोन्ही,
खोलीचं भाडं मर्यादेत बसतं का,
आजार आधीचा होता का, आधीचा म्हणजे किती आधीचा.
दिवसाला साठ दावे. एकोणसाठ झाले
की बेंगळुरूहून शर्वाणी मॅडम
फार मायेनं विचारतात, तब्येत बरी आहे ना?

कडेच्या खणावर महादप्पा मिस्त्री
चार दिवस माळवदाची माती उतरवतोय.
दर उन्हाळ्याला एक थर पांढरी टाकलेली,
गळू नये म्हणून. कुणी मोजली नाही.
आता नागव्वा मोजते पाट्या, कानडीत, मोठ्यानं,
मी म्यूट काढते, "हो मॅडम, ऐकू येतंय,"
आणि तिचं हन्नोंदु, हन्नेरडु
कंपनीच्या रेकॉर्डिंगवर जातं. असेल अजून.

काल एक ढेकूळ थेट कीबोर्डवर.
त्यात कडब्याचं काड, आणि लाल सुताचा तुकडा,
रंग न गेलेला.
स्पेसचं बटण तेव्हापासून बसलंय.
मीलिहितेय
डावाडोळानामंजूर
आणि पलीकडं ते कुणीतरी सुटं करून वाचतं.

जेवणाच्या सुट्टीत नागव्वा खड्ड्यात डोकावली.
"दिसभर आत बसून काय करायलाव ताई?"
लोकांच्या आजारपणाची बिलं बघते.
"मग पैसे देता?"
मी नाही देत. नाही कुणाला म्हणायचं, तेवढं बघते.
"त्याचा पगार मिळतो?"
मिळतो की.
तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला.
"आमचा मुकादम फुकटात म्हणतो."

पेद्दनान्ना कामाला बसताना म्हणायचा,
खाली जातो.
घराला मजला एकच. आम्हाला हसू यायचं.
आता शोलापूरहून नवऱ्याचा फोन आला
की मीही म्हणते, खाली आहे, नंतर कर.

खड्ड्याच्या मातीत दोन खळगे आहेत, टाचांचे.
पावड्या दाबता दाबता झालेले.
डावा जास्त खोल.
माझी टाच त्यात नीट बसत नाही, लहान पडते,
तरी मीटिंग लांबली की तिथंच जाऊन टेकते.

माती उतरली त्या दिवशी
नेट घरभर येऊ लागलं. चुलीपाशी, न्हाणीत,
गोठ्यातसुद्धा दोन काड्या.
महादप्पा म्हणाला, आता कुठंही बसा की,
वर पत्रा टाकतो, खाली कोबा करतो,
दोन ट्रॉल्या मुरूम ओतला की हे बुजतंय.
भिवंडीहून अंबादासचा मेसेज:
बुजव. पोरं येतात सुट्टीत, पडायची एखादी.
त्याचंही खरं. तो लहानपणी पडला होता,
हनुवटीवर अजून व्रण आहे.

आज मिस्त्री दोरी धरून उभा.
"सांगा ताई, कोबा कुठवर घ्यायचा?"
तेवढ्यात मॅडमनी माझं नाव घेतलं.
मी कॅमेऱ्यापुढं हात वर केला,
थांबा, बोलते.
कुणाला म्हणाले, मलाही नक्की नाही.

त्यानं दोरी ओढली,
खड्ड्याच्या कडेपासून वीतभर अलीकडं
खिळा ठोकला,
आणि बाहेर जाऊन ट्रॉलीवाल्याला सांगितलं,
एकच आण.

मी बटणाशिवाय
पुढचं बिल उघडलं. रुग्णाचं वय एकाहत्तर.
पायाचंदुखणं.
कधीपासून, असा रकाना होता.