जज्जचा निकाल

डेल्मर स्टिडमनं कुत्रा घेतला दोनशे चाळीस डॉलरला.
त्या पैशांत पिकअपची टायरं बदलायची होती.
त्याची बायको ऑर्फा दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी बोलली, ती कुत्र्याशीच.

नाव जज्ज. भिजला तर वजन नऊ किलो.
एक कान उभा, एक कान विचारात.
विकणारा म्हणाला होता, हा खोटं भुंकत नाही,
ज्या झाडाखाली भुंकेल त्या झाडावर खार आहे
म्हणजे आहे.
आमच्या केंटकीच्या डोंगरात एवढी हमी
पाद्रीसुद्धा देत नाही स्वर्गाची.

नोव्हेंबरचा शनिवार. पानगळ गुडघ्याएवढी.
डेल्मरकडे बंदूक, माझ्याकडे कॉफीचा थर्मास,
जज्जकडे नाक.
ओढा ओलांडला, आणि सुटला!
फांदी मोडली, काटे मोडले, त्याचं काही नाही मोडलं,
आणि एका उंच हिकरीला पुढचे पाय टेकून
त्यानं निकाल वाचायला सुरुवात केली.

आम्ही वर बघितलं.
फांद्या. आभाळ. एक जुनं घरटं.
आम्ही आणखी वर बघितलं.
मानेतून कट्ट आवाज आला, तो माझ्या.
जज्ज भुंकतोय, भुंकतोय, श्वास घेतो तोही भुंकण्यातच.
"आहे," डेल्मर म्हणाला.
"कुठे?" मी म्हणालो.
"पलीकडे."

खारीचं असं असतं,
ती तुमच्या आणि तिच्या मध्ये खोड ठेवते.
तुम्ही डावीकडून गेलात की ती उजवीकडून,
तुम्ही उजवीकडून
की ती तुमच्या नाकावर टिच्चून डावीकडून.
डेल्मरनं त्या झाडाला सात प्रदक्षिणा घातल्या.
देवळात इतक्या भक्तीनं कुणी फिरलं नसेल.

मग त्याला बापाची युक्ती आठवली.
अंगातला कोट काढून पलीकडच्या झुडपावर टांगला.
खार कोटाला माणूस समजेल,
घाबरून इकडे येईल, आणि मग...
असं म्हणून तो थंडीत कुडकुडत
इकडे बंदूक रोखून बसला.
पाच मिनिटं. दहा.
जज्ज अचानक गप्प झाला.

"चाहूल लागली त्याला," डेल्मर कुजबुजला.
मला पलीकडचं दिसत होतं. मी काय सांगणार?
खार कोटाच्या खांद्यावर बसली होती.
मग बाही. मग खिसा.
खिशात ऑर्फानं दिलेलं बिस्किट,
आत डुकराच्या मांसाची चकती.
चकती तिनं खाली टाकली.
खाली जज्ज बसला होता.

बिस्किट वर गेलं, चकती खाली गेली,
दोघांनीही तोंड भरलेलं असताना
एकमेकांकडे बघितलं.
न्यायाधीश लाचखोर, आरोपी मुद्देमालासह फरार,
आणि फिर्यादी अजून
चुकीच्या बाजूला एक डोळा मिटून बसलेला.

शिंक आली डेल्मरला. बंदूक उडाली.
वरून ते जुनं घरटं पडलं, थेट त्याच्या टोपीवर,
काटक्या, पिसं, मागल्या वर्षीची टरफलं.
जज्ज धावत आला, त्याच्याकडे बघून
पुढचे पाय त्याच्या गुडघ्यांना टेकले
आणि भुंकायला लागला.

ऑर्फाला मी हे सांगितलं तेव्हा
ती चुलीपाशी इतकी हसली की पोळायची राहिली.
"विकणारा खरं बोलला," ती म्हणाली,
"खोटं नाही भुंकत."

त्या हिवाळ्यात टायर दोनदा पंक्चर झालं.
डेल्मर रस्त्याकडेला जॅक फिरवत बसायचा,
जज्ज खिडकीतून मान काढून देखरेख करायचा.
खार एकही मिळाली नाही, पण शनिवार चुकला नाही.
आणि ऑर्फा न बोलता, दर शनिवारी,
कोटाच्या दोन्ही खिशांत
एकेक बिस्किट ठेवायला लागली.