धुरी

आईचा व्हिसा अडकला,
म्हणून रुवीच्या तिसऱ्या मजल्यावर
मीच कोळसा फुलवला, वर ओवा, बाळंतशेपा.
छतावरचा अलार्म किंचाळला.

त्या रात्रीही असंच काहीतरी किंचाळलं होतं,
बाळाचे ठोके पडले तेव्हा.
अरबीत धावपळ, हिरवा कपडा,
काय कापताहेत कुणी सांगितलंच नाही.
"दोघं सुखरूप," श्रीकरने गावी कळवलं.
त्या दोघांत मीही होते म्हणे.

आज चाळिसावा दिवस.
बाळाला उचलते मी,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखं.

खालची झुवैना धावत वर आली.
खिडकी उघडली.
बाळाकडे बघितलंही नाही.
मोडक्या हिंदीत म्हणाली,
"तू बता. उस रात क्या हुआ?"

ओवा जळत राहिला.
मी म्हणाले, भिंतीवर घड्याळ होतं.
तीन चाळीस.