ड्राफ्टी

फोनवर मिसेस पेंडलबरी म्हणाल्या,
बेडरूम ड्राफ्टी आहे.
मी जॉब कार्डावर लिहायला घेतलं
आणि पेन थांबलं.

मला ठाऊक असलेला ड्राफ्ट बँकेतला,
दर सात तारखेला मिरजेला जाणारा,
नाहीतर ऑफिसातला,
ज्यावर साहेब लाल शाईने रेघोट्या मारतात.
खोलीला कसा लागेल ड्राफ्ट?

त्यांनी स्पेलिंग सांगितलं, जुन्या वळणाचं, लांबलचक.
आत जी आणि एच, दोघं मिळून एक फ.
फटीतला फ.
ओठ जवळ आणून म्हणून पाहिला,
तर बोटांवर वारा लागला.

थंकच्चन शिडी खांद्यावर घेऊन उभा.
एसी फार गार करतोय का?
नाही, एसी बंद आहे. जानेवारी आहे.
मग पंखा?
पंखाही नाही.
मग वारा सोडला कुणी?

तेच तर म्हणायचंय त्या बाईला.
वारा आहे, पण कुणी लावलेला नाही.
झुळूक म्हणावं, तर झुळकेला आपण गळ्याचं बटण काढतो.
झोत म्हणावं, तर त्याला जोर हवा.
गारठा एका जागी बसून राहतो, निघायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
हा हिंडतो.
दाराखालून येतो, घोट्यांशी घुटमळतो,
मग मानेवर. मागे पाहावं तर
पडदा जेमतेम हललेला.

वहिनीच्या बाळंतपणात शेवंतामावशीने
खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या,
वहिनीच्या कानांवरून फडकं आवळलं होतं:
वारं लागेल गं.
आमच्याकडे वारं नुसतं येत नाही,
ते लागतं.
ठेच लागते तसं, दृष्ट लागते तसं.
मिसेस पेंडलबरींच्या एका शब्दाला
आमचं अख्खं क्रियापद.

त्या सांगत होत्या, आईच्या घरी
दाराशी एक लांबलचक कापडी कुत्रं पडलेलं असायचं,
पोटात भुसा भरलेलं, फट अडवायला.
इथे मुहर्रकमध्ये असलं काही मिळतं का?
मी म्हटलं, विचारते.

समोरच्या जुन्या घराचे राखणदार हज्जी मकी.
त्यांना विचारलं, तर हसले,
वर बोट दाखवलं.
छपरावर चौकोनी मनोरा, चारी बाजूंना तोंडं.
बादगीर.
माझ्या आजोबांनी पैसे मोजून बांधलेली फट, म्हणाले.
समुद्रावरचा वारा पकडून सरळ अंथरुणावर आणायची.
उन्हाळ्यात आम्ही सहा भावंडं तिच्याखालच्या जागेसाठी
एकमेकांचे केस उपटायचो.
आणि हिवाळ्यात?
हिवाळ्यात तांदळाची पोती कोंबायचो तोंडात,
आणि शिव्या द्यायचो, आजोबांनाच.

कार्डावर मी शेवटी लिहिलं: वारं लागतं.
देवनागरीत. थंकच्चनने ते उलटं धरून पाहिलं
आणि फोमची पट्टी घेऊन निघाला.
तिकडे घोटे गार पडले की त्याला आपोआप कळेल.

रात्री शमाल सुटला.
सातव्या मजल्यावर माझी खोली,
ॲल्युमिनियमच्या चौकटीत आधीच्या भाडेकरूने
कागदाच्या घड्या ठोकून बसवलेल्या.
एक उपसून उलगडली.
किराण्याची यादी, कुठल्याशा भाषेत,
अंडी तेवढी कळली, कारण त्यांचं चित्र काढलं होतं.
खाली आकडे, बेरीज चुकलेली.
ती घडी मला परत तिथे कोंबवेना.

रिकाम्या जागेतून रात्रभर
फ. फ.
कुणी बशीतला चहा निववत असल्यासारखं.

सकाळी मान वळेना.
तक्रार कुणाच्या नावावर टाकावी,
कार्ड पुढ्यात घेऊन बसले आहे.