दहा अंश

हॅमरफेस्टला टोरलाइफच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला
आणि पंधरा दिवसांनी त्याचा मला फोन:
"डोळे ठीक आहेत. टीव्हीच धूसर आहे.
इतकी वर्षं मी उगाच डोळ्यांना बोल लावला."

मी गाडीत तिन्ही आकार टाकले.
साठ सेंटिमीटरची, दक्षिणेतल्या शहरांत
बाल्कनीतल्या कुंड्यांशेजारी शोभणारी.
नव्वदची. आणि एकशेवीसची,
जिला बघून बोर्गहिल दारातच म्हणाली,
"हिच्यात नाताळचं अख्खं मेंढरू मावेल."

टोरलाइफ माहितीपत्रकातली बारीक अक्षरं मोठ्यानं वाचत होता,
वाचता येतात म्हणूनच बहुधा:
"एचडी. एक हजार ऐंशी ओळी."
"ओळी कोण मोजतंय?"
"मी मोजीन. स्कीच्या शर्यतीत
बर्फावरचे ओरखडे दिसले पाहिजेत मला."

मी समजावलं:
पूर्वी वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या,
मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा.
आता मुंग्या नाहीत.
चित्र लख्ख असतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन फुटतं,
नाहीतर नसतंच.
तेव्हा नव्वदच्या खाली जाऊ नका.
आणि आकाराआधी जागा बघू.

आमच्याकडे, सत्तर अक्षांशावर,
उपग्रह डोक्यावर नसतो.
क्षितिजाच्या वर जेमतेम दहा अंश,
कुंपणावर हनुवटी टेकलेल्या शेजाऱ्यासारखा.
म्हणून इथल्या डिश आभाळाकडे बघत नाहीत,
खाली मान घालून उभ्या असतात.
पाहुणे विचारतात, ही वाऱ्यानं वाकली का?
वाकली नाही. निदान बर्फ तरी साचत नाही.

मीटर घेऊन घराला फेरी मारली.
छपरावर डोंगर. नौकाघरावर डोंगर.
झेंड्याच्या खांबाशी थोडी किणकिण, मग पुन्हा डोंगर.
डोंगराला खिंड एकच,
आणि त्या खिंडीच्या समोर
ओडवारच्या घराची भिंत.

बोर्गहिलनं कोरडा कप पुन्हा पुसला.

ओडवार सख्खा भाऊ. बावीस पावलं. अकरा वर्षं.
कारण बापाच्या बोटीचं इंजिन,
किंवा ते विकून आलेले पैसे,
किंवा विकताना तोंडून गेलेला एक शब्द.
गावात तिन्ही ऐकायला मिळतात.
एका ताटात जेवलेली ही माणसं
टपालपेटीकडेही वेगवेगळ्या वेळी जातात.

"एकशेवीसची लावली तर डोंगरातून घेईल?"
"दहा मीटरची लावली तरी नाही."

टोरलाइफनं बूट चढवले. फार सावकाश.
मी खिडकीतून बघत होतो, आणि मनात
तीस मीटर केबल धरून चाललो होतो.
दार उघडलं. बोलणं ऐकू आलं नाही.
ओडवारनं एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा माझ्या गाडीकडे,
आणि आत गेला.
मी डिश परत खोक्यात घालायला लागलो.
तो शिडी घेऊन बाहेर आला.

मी वर. खाली दोघं, शिडीच्या दोन पायांशी.
ओडवारनं विचारलं, भावाला नाही, मला:
"त्या पुढच्या डोळ्यातून तारा किती निघतात?"
"साध्यातून एक. दोन तोंडांचा घेतला तर दोन.
शंभरेक क्रोनर जास्त."
कुणीच काही बोललं नाही.
दोघं समुद्राकडे बघत राहिले, जिथे एक बोटही नव्हती.

मी दोन तोंडांचा बसवला.
धंदा आहे, फुकट नाही देत;
वरचे शंभर कुणाच्या नावावर लिहू, म्हटलं.
"माझ्या," दोघं एकदम म्हणाले,
आणि त्यावरून जुंपली.
मग इंजिन निघालं. मग पैसे. मग तो शब्द,
जो मला ऐकू आला आणि मी सांगणार नाही.

मी बोल्ट केसभर फिरवला. मीटर किणकिणायला लागलं.
खाली अजून चालूच होतं,
आणि शिडी कुणीच सोडली नव्हती.