मार्चअखेर, मानवत

मुकुंदा आला तो आकडे घेऊनच आला.
चपला काढायच्या आधी म्हणाला,
तुमची नगरपालिका बुडालीय, ताई,
गाडीत वाचलं मी मोबाइलवर.
म्हटलं, आधी पाणी पी,
मग सांगते किती बुडालीय.

अकरा दिवसांपूर्वीच्या नळाचं पाणी,
माठात निवलेलं.
त्याला चव ओळखू आली नाही.

जेवताना बोटांवर मोजत राहिला:
रस्ता नाही, नोकरी नाही,
रात्री पोटात दुखलं तर परभणी,
परभणीत नाही भागलं तर नांदेड,
आणि स्टेशनसुद्धा गावात नाही तुमचं,
पळून जायचं तरी आधी रिक्षा शोधा.
वाकडला ये. एक खोली रिकामीच आहे.
"कामून?" मी विचारलं.
"का म्हणजे?" तो म्हणाला.
त्याचं 'कामून' कधी गेलं
माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुझे आकडे कच्चे आहेत, मुकुंदा.
सव्वीस वर्षं मी ही खतावणी लिहायलेय.
पंपाचं बिल थकलं की पथदिव्यांचे पैसे पंपाला,
पेन्शनचे पैसे मोटारीच्या कॉइलला,
एका वाकळीत पाच जण झोपायचो ना आपण,
तसं. ह्याचे पाय झाकले की त्याचे उघडे.
अनुदान येतं ते येण्याआधीच संपलेलं असतं.
झाडूवाल्या कोंडाबाईचा जानेवारीचा पगार
अजून 'देणे'च्या रकान्यात आहे,
माझ्या अक्षरात,
आणि ती रोज पहाटे माझ्याच दारापुढे झाडते.
मान वर करत नाही.
ती नाही, मी.

तर बुडालीय. तू म्हणतोस त्याहून जास्त.

"मग?" तो म्हणाला, जिंकल्यासारखा.
"बनी तो बनी, नही तो परभणी,
उगाच म्हणतात का लोक?"
हसलो दोघंही. भाकरी गार झाली.

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पिशवीतून वसुलीची यादी काढली.
उद्या मोईनभाई ढोल घेऊन निघणार आहेत
थकबाकीदारांच्या दारोदार.
पान चौथं, अनुक्रमांक एकशे बारा:
मोकळा प्लॉट, पाथरी रोड,
मुकुंद विठ्ठलराव डहाळे,
नऊ वर्षं.

"पण मी तिथं राहतच नाही!"
प्लॉट राहतो ना.
त्याच्यापुढून गटार जाते, खांबावर दिवा आहे.
"तो दिवा लागत नाही, ताई."
लागत नाही, म्हटलं.
ढोल कुणापुढे वाजवणार तिथं,
बाभळीपुढे?

थोडा वेळ पंख्याचाच आवाज.
मग हळूच: शास्ती माफ नाही का होत?
तू आहेस ना तिथं.
मी ताटं उचलली.

रात्री गच्चीवर आडवं पडल्यावर बोलला,
आभाळाकडे बघून, म्हणजे माझ्याकडे न बघता:
आमच्याकडेही टँकरच येतो गं.
रोज. सोसायटीत त्यावरनं भांडणं होतात.
हप्ता अजून चौदा वर्षं आहे.
शेजारचा कोण, मला माहीत नाही.
मी काही बोलले नाही.
गेल्या दिवाळीत मीही
एका ओळखीच्याला वाकडचा भाव विचारला होता,
हे त्याला सांगायचं राहून गेलं.
सांगितलं नाही, असं म्हणावं.

सकाळी रविवार असून खिडकी उघडी होती,
मार्चअखेर.
ऑनलाइन बंद, म्हणून तो रांगेत उभा राहिला
मोईनभाईच्या ढोलाशेजारी,
सावलीला सरकत सरकत.
माझ्यापुढे आला तेव्हा आम्ही
ओळख नसल्यासारखे वागलो.
शास्तीसकट भरले.
कार्बन नीट लागला नव्हता, पावती दोनदा लिहावी लागली.

दुपारच्या गाडीला तो गेला. रिक्षा मिळाली.
मी बेरीज केली, सवयीनं,
खतावणीत अशी करत नाहीत तशी:
त्याच्या पैशांतून कोंडाबाईच्या जानेवारीतले
एकोणीस दिवस निघतात.

जानेवारी एकतीसचा असतो.