फेसिंग

दुसऱ्यांदा खोललं.
खळदकरांचा टेम्पो दिवे घाटात, चौथ्या वळणावर,
अंजिराच्या रिकाम्या क्रेटांसकट
पांढरा धूर टाकत बसला होता.
ऑईल दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं.

गॅस्केट नवं. स्टड नवे.
बिलावर शिक्का: फेसिंग केले, सीट कापल्या, तपासले.
हेडवर खडूनं ओके.
ते ओके अंगठ्यानं पुसलं, नख फिरवलं.
अडकलं.
बोटभर पुढं, पुन्हा अडकलं.
टाकी लावलेला पाटा बरा.
सीटला निळं लावून व्हॉल्व्ह टेकवला
तर अर्धीच कोर उठली, बाकी कोरडं.

गोणपाटात गुंडाळून नाना पेठेत नेलं,
भांडायलाच.
स्वारगेटपासून शिव्या जुळवत.

इसाक शिकलगार काही बोलला नाही.
हात पुसले,
मशीनच्या टेबलावरचा कीस ब्रशनं लोटला,
तेलकट कागदातून वडिलांची पट्टी काढली
आणि टेबलावरच उभी धरली.
म्हणाला, मागून मोबाईल लाव.

मधोमध उजेड येत होता.
केस जाईल एवढा.

"मालकाला तीनदा सांगितलं.
तो म्हणतो, चालतंय की."

पट्टी परत कागदात.
दाराशी अकरा हेडं ओळीनं,
प्रत्येकाच्या कपाळावर खडू.

मी माझं उचललं.
जुळवलेल्या शिव्या कुठं ठेवाव्यात कळेना.
खिशात खळदकरांचा फोन वाजत होता,
पहाटे अंजिरं निघायची होती.